थाळी पुन्हा पुन्हा उजव्या जाळीतच का जाते? हात बदलण्याआधी हे तपासा

थाळीफेकीच्या सरावात तक्रार ठरलेली असते. दहा फेकी केल्या तर तीन-चार उजव्या जाळीत, दोन सेक्टरच्या (थाळी जिथे पडायला हवी त्या आखलेल्या भागाच्या) उजव्या रेषेबाहेर, आणि आत पडलेल्याही त्याच रेषेला चिकटून. मैदानाच्या कडेवरून सूचना येते, ‘हात लवकर सुटतोय, जरा धर!’ मुलगा धरतो. पुढची फेक डाव्या जाळीत, त्यापुढची परत उजवीकडे. आठवड्याभरात अंतर दोन मीटरनं घटतं आणि दोष होता तिथेच राहतो.

सूचना चुकीची नसते, अर्धवट असते. थाळी लवकर सुटते हे खरं, पण ती हाताच्या मर्जीनं क्वचितच सुटते. हाताला लवकर सोडायला लावणारं काहीतरी त्याआधी घडलेलं असतं: कधी थाळीच्या कडेवर, कधी बुटाच्या तळाशी, तर बरेचदा सर्कलच्या (ज्या वर्तुळातून फेकतात त्याच्या) मागच्या टोकाला, म्हणजे थाळी सुटण्याच्या सेकंदभर आधी.

खालचं सगळं उजव्या हातानं फेकणाऱ्यासाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

आधी भूमिती, दोन मिनिटांत

उजव्या हाताचा खेळाडू सेक्टरकडे पाठ करून उभा राहतो आणि डावीकडे वळत फिरतो. सुटल्यावर थाळी वर्तुळाच्या स्पर्शरेषेत जाते. दोरीला दगड बांधून गरगर फिरवला आणि सोडला की होतं तेच. हात खांद्याच्या बरोबर उजवीकडे, फेकीच्या दिशेशी काटकोनात असताना थाळी सुटली तर ती समोर जाते. हात अजून मागे असतानाच सुटली तर उजवीकडे, हात पुढे येऊन गेल्यावर सुटली तर डावीकडे.

सेक्टर ३४.९२ अंशांचा असतो, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम साडेसतरा अंश. हात तेवढाच मागे असताना थाळी सुटली की फेक बाहेर. पूर्ण वेगात एवढा कोन पार व्हायला डोळ्याची पापणीही लवत नाही. म्हणूनच ‘जरा धर’ हा उपाय चालत नाही. इतक्या कमी वेळात कुणी विचार करून धरूही शकत नाही आणि सोडूही शकत नाही. आधीच्या गोष्टी जागेवर आल्या की सुटण्याची वेळ आपोआप जागेवर येते.

पंधरा फेकींची चाचणी

एका सत्रात, अंग गरम झाल्यावर, तीन प्रकारच्या पाच-पाच फेकी करायच्या. जोर सत्तर-ऐंशी टक्के. झाडूच्या काड्यांना तीन रंगांचे दोरे बांधून ठेवा आणि प्रत्येक थाळी पडली त्या जागी त्या प्रकाराची काडी रोवा. मोजपट्टी लागत नाही, फक्त दिशा बघायची आहे.

पहिल्या पाच स्टँडिंग थ्रो: पॉवर पोझिशनमध्ये, म्हणजे गिरकी संपून फेकण्याआधी दोन्ही पाय टेकलेल्या पवित्र्यात, उभं राहून, गिरकी न घेता.

पुढच्या पाच साउथ आफ्रिकन: सर्कलच्या मागच्या टोकाला सेक्टरकडे तोंड करून उभं राहायचं, डावा पाय सर्कलमध्ये, उजवा मागे कडेबाहेर. उजवा पाय पुढे घेत मध्यावर उतरायचं, लगेच डावा पुढे टेकवायचा आणि फेकायचं. यात पहिली गिरकी वगळली जाते.

शेवटच्या पाच पूर्ण फेकी.

आता काड्या वाचा. स्टँडिंगच्या काड्याही उजवीकडे असतील तर दोष पकडीत, थाळीत किंवा उभं राहण्याच्या पवित्र्यात आहे. गिरकीला हात लावू नका. स्टँडिंग सरळ आणि साउथ आफ्रिकन उजवीकडे असेल, तर मध्यावर उतरणारा उजवा पाय फिरत नाही, नाहीतर डावा पाय चुकीच्या जागी पडतो. पहिल्या दोन्ही सरळ आणि फक्त पूर्ण फेक उजवीकडे, तर गडबड सर्कलच्या मागच्या टोकाला, पहिल्या गिरकीत. आणि तिन्ही रंग उजवीकडे-डावीकडे कसेही विखुरले असतील तर आधी हात कोरडे करा, थाळी पुसा आणि पुन्हा मोजा. बेभरवशाची दिशा ही बहुधा घसरणीची खूण असते.

चाचणी करताना सर्कलच्या उजव्या हाताला, पुढच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही. थाळी तिकडेच जाते हे माहीत असूनच तर चाचणी चालली आहे.

स्टँडिंगही उजवीकडे: थाळी आणि हात

पहिला संशय थाळीवर घ्या, कारण ते तपासायला फुकट आहे. शाळेत सराव बहुतेक रबरी थाळीवर होतो आणि स्पर्धेत हातात येते लोखंडी कडेची. रबराची कड जाड असते, बोटांना चिकटते. लोखंडी कड पातळ, गुळगुळीत, आणि बरंचसं वजन कडेला असल्यामुळे बाहेर जास्त ओढते. रबरावर तयार झालेलं बोट लोखंडी कड हवी तेवढी धरत नाही आणि थाळी पंधरा-वीस अंश आधीच निसटते. ‘सरावात सरळ, स्पर्धेत जाळीत’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच निघतं. स्पर्धेच्या निदान तीन आठवडे आधी तरी सगळ्या पूर्ण फेकी लोखंडी कडेच्या थाळीवर आणा. रबरी थाळी भिंतीवर किंवा जाळीत मारण्याच्या सरावाला ठेवा.

वजनही बघा. मुली आणि महिलांची थाळी १ किलोची, व्यास १८ सेंटीमीटरच्या आसपास. अठरा वर्षांखालच्या मुलांची दीड किलोची, व्यास सुमारे २० सेंटीमीटर. वीस वर्षांखालच्यांची पावणेदोन किलोची, सुमारे २१. पुरुषांची २ किलोची, सुमारे २२. लवकर तयारी व्हावी म्हणून चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात पावणेदोन किलो देणारे पुष्कळ आहेत. ज्या हाताच्या बोटांची पेरं कडेवर नीट बसत नाहीत त्याच्या हातून ती निसटणारच. त्याला तंत्राचा दोष म्हणणं अन्याय आहे.

दुकानात ‘हाय स्पिन’ लिहिलेली महागडी थाळी दिसली की मोह होतो. तिच्यात वजनाचा मोठा हिस्सा कडेला असतो. वेगानं आणि स्वच्छ फिरवता आली तर ती हवेत जास्त वेळ स्थिर राहते. पण नवशिक्याच्या हातून ती लवकर निसटते आणि डगमगली तर साध्या थाळीपेक्षा आधी खाली येते. पूर्ण फेकींपैकी निम्म्याहून जास्त हवेत स्वच्छ फिरत नसतील, तर कडेला कमी वजन असलेली साधी थाळीच लांब जाते.

लाकडी अंगाच्या, लोखंडी कडेच्या थाळीची (मेरठ-जालंधरहून येणाऱ्या पुष्कळशा अशाच असतात) महिन्यातून एकदा तपासणी करा. कानाजवळ धरून हलवा. आत खुळखुळ ऐकू आली तर मधल्या चकत्यांचे स्क्रू ढिले झालेत. कडेवरून बोट फिरवा. मुरमातल्या दगडांवर आपटून बारीक धारदार कंगोरे उठलेले असतात, ते बोट कापतात आणि कापलेलं बोट आपोआप पकड सैल करतं. बारीक कानस, मग पॉलिश पेपर. जास्त घासू नका, नाहीतर वजन घटेल. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती ठेवून बघा: स्पर्धेत किमान वजनापेक्षा कमी भरलेली थाळी आत घेतली जात नाही. पावसात भिजलेली लाकडी थाळी उन्हात वाळवू नका. फडक्यानं पुसून सावलीत उभी ठेवा, उन्हात लाकूड आकसतं आणि कड सुटते.

आता पकड. चारही बोटांची फक्त शेवटची पेरं कडेवरून खाली येतात. अंगठा थाळीवर पसरलेला, तो पकडत नाही, फक्त तोल सांभाळतो. तळवा थाळीवर हलका टेकलेला. हात लहान असेल तर तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना चिकटवून बघा. कडेवर दाब वाढतो आणि थाळी शेवटी तर्जनीवरूनच सुटते. पेरं जास्त आत गेली की बोटं आवळली जातात, मनगट ताठ होतं आणि थाळी करंगळीच्या बाजूनं सुटते. तशी सुटलेली थाळी उलट फिरते, हवेत थरथरते आणि उजवीकडे कोसळते.

याची परीक्षा सोपी आहे. जमिनीवर दहा मीटरची चुन्याची रेघ मारा. गुडघ्यात वाकून, गोट्या किंवा विटीदांडू खेळताना वाकतो तसं, थाळी उभी धरून रेघेवरून गडगडत सोडा. तर्जनीवरून सुटली तर ती रेघेवरून सरळ जाते. वळत, लंगडत गेली तर शेवटचा स्पर्श तर्जनीचा नव्हता. रोज वीस वेळा, दोन आठवडे. कंटाळवाणं आहे, पण पकड सुधारायला याहून स्वस्त काही नाही.

घामाचं काय करायचं? ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि जुलैच्या दमटपणात तळहात पाच मिनिटं कोरडा राहत नाही. वेटलिफ्टिंगवाले वापरतात तो मॅग्नेशियम कार्बोनेटचा खडू घ्या. फळ्यावरच्या खडूनं काम चालतं पण ओल तितकीशी शोषली जात नाही. टाल्कम पावडर मात्र चुकूनही नको. हात कोरडा वाटतो आणि कड साबणासारखी होते. खडू लावण्याआधी हात पुसा. घामावर लावलेल्या खडूचा चिखल होतो.

मध्यावर अडकणारा उजवा पाय

साउथ आफ्रिकन फेकी उजवीकडे जात असतील तर इथे वेळ घालवा. बऱ्याच फेकी इथेही बिघडतात.

मध्यावर उतरणारा उजवा पाय चवड्यावर उतरतो, बोटं डाव्या बाजूला किंवा त्याहून किंचित मागे वळलेली. उतरल्यावर तो थांबत नाही, चवड्यावर फिरतच राहतो. त्याच्यामागे गुडघा, मग कंबर, मग छाती आणि सगळ्यात शेवटी थाळी. पाय अडकला की कंबर अडकते. कंबर अर्ध्या वाटेत असते, छाती अजून उजव्या रेषेकडे बघत असते आणि हाताला मात्र फेकायचंच असतं. थाळी उजवीकडे जाते. हातानं काहीच चूक केलेली नसते.

पाय खरंच अडकतो का ते डोळ्यांनी बघायचं असेल तर सरावात ही युक्ती करा. निळा किंवा लाल फळ्याचा खडू उजव्या बुटाच्या चवड्याखाली हलकासा घासा. दोन ओढीच, जास्त लावला तर घसराल. फेक झाली की सर्कलमध्ये वाकून बघा. पाय फिरला असेल तर रुपयाच्या नाण्याएवढा किंवा थोडा मोठा, गोल घासलेला डाग दिसतो. अडकला असेल तर बुटाच्या तळाची नक्षी ओळखू येईल इतका स्पष्ट ठसा उमटतो. टाचेच्या जागीही रंग पोचला असेल तर पाय चवड्यावर उतरलाच नाही, सपाट पडला. डाग बघून झाले की ओल्या फडक्यानं सर्कल पुसून कोरडं करा.

पाय अडकण्याचं कारण अनेकदा अंगात नसून बुटात असतं. धावण्याच्या बुटाची टाच उंच आणि मऊ असते, तळाला खाचा असतात. खाचा सिमेंटला पकडतात, मऊ टाचेवर वजन बसतं आणि चवड्यावर फिरणं अवघड होतं. थ्रोइंगचे खास बूट परवडत असतील तर फिरून फेकणाऱ्यांसाठीचे, गुळगुळीत गोलसर तळाचे घ्या. गोळाफेकीत सरकून फेकणाऱ्यांचे बूट वेगळे असतात, दुकानदार दोन्ही एकच म्हणून देतो. परवडत नसतील तर सपाट रबरी तळाचे साधे कॅनव्हास बूट धावण्याच्या महागड्या बुटांपेक्षा चांगलं काम देतात. बूट घट्ट हवेत. आत पाऊल सरकत असेल तर बूट फिरतो आणि पाय मागे राहतो.

बूट आणि सर्कल जुळतात का याची चाचणी: सर्कलच्या मध्यावर उजव्या चवड्यावर उभं राहा, डावा पाय उचला, हातांच्या झोक्यानं डावीकडे गिरकी घ्या. एक पूर्ण फेरा सहज झाला तर जोडी ठीक आहे. अर्ध्यात थांबलात तर तळ जास्त पकडतोय. दोन फेरे होऊन तोल गेला तर सर्कल गुळगुळीत झालंय, आणि अशा सर्कलवर पाय फिरेल पण पुढे डावा पाय रोवला जाणार नाही.

सर्कलच्या पृष्ठभागाचे आपल्याकडे तीन नमुने दिसतात. नवं ओतलेलं, झाडूनं खरवडून ठेवलेलं खरखरीत सिमेंट: यावर पाय अडकतो, तळ झपाट्यानं झिजतो. जुनं, हजारो गिरक्यांनी काचेसारखं झालेलं: यावर पाय घसरतो. आणि पावसाळ्यातलं, कडेला शेवाळ धरलेलं, मध्यावर पाण्याचं तळं: यावर फेकूच नका. शेवाळ तारेच्या ब्रशनं आणि साध्या पाण्यानं घासून काढा. साबण वापरला तर तो नीट धुवा, राहिलेला थर शेवाळापेक्षा वाईट. कडेच्या लोखंडी पट्टीखाली पाणी जायला भोकं ठेवलेली असतील तर त्यात माती अडकते, तारेनं मोकळी करा. सर्कलची जमीन कडेच्या वरच्या काठापासून साधारण दोन सेंटीमीटर खाली असते, त्यामुळे पाणी आपणहून बाहेर जात नाही. रबरी वायपरनं मध्यापासून बाहेर ओढा, मग गोणपाट टाकून त्यावर चालत फिरा. दहा मिनिटांत फेकण्याजोगं होतं.

सर्कलच नसेल तर? चुन्यानं मातीत आखलेल्या वर्तुळात गिरकी शिकवू नका, पाय रुततो आणि नेमकी अडकण्याचीच सवय लागते. आठ बाय चार फुटांचे १८ मिलिमीटर प्लायवूडचे दोन तुकडे शेजारी-शेजारी टाकले की आठ बाय आठ फुटांचा, म्हणजे २.४४ मीटरचा चौक होतो. थाळीफेकीचं सर्कल २.५० मीटरचं असतं. सहा सेंटीमीटर कमी, सरावाला पुरे. खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकून जोड पक्का करा, स्क्रूची डोकी आत बुडवा आणि सपाट, टणक जमिनीवरच ठेवा. प्लाय हलला तर घोटा जातो.

आता डावा पाय. सर्कलच्या मध्यातून फेकीच्या दिशेनं खडूची रेघ मारा. उजवा पाय या रेघेवर किंवा तिच्या अगदी जवळ, मध्याच्या आसपास उतरला पाहिजे. डाव्या पायाचं बोट पुढच्या कडेजवळ, रेघेच्या चार-सहा इंच डावीकडे. पॉवर पोझिशनमध्ये उजवी टाच आणि डावं बोट साधारण एका ओळीत येतात. डावा पाय रेघेवर किंवा तिच्या उजवीकडे पडला की कंबरेला वळायला जागाच उरत नाही, दार कडी लावून ढकलल्यासारखं होतं, आणि फेक उजवीकडे. फार डावीकडे पडला तर दार सताड उघडं: कंबर वळते पण अडायला काही नाही, जोर वाया जातो आणि थाळी डावीकडे ओढली जाते. स्टँडिंग थ्रोमध्येही हीच रेघ वापरा. पकड चांगली असूनही स्टँडिंग उजवीकडे जात असेल तर उत्तर डाव्या पायाच्या जागेत असतं.

फक्त पूर्ण फेक उजवीकडे: मागचं टोक

पहिल्या गिरकीत डाव्या चवड्यावर फिरत फिरत आपण आधी उजव्या बाजूला, मग समोर तोंड करतो. सर्कलमधून पुढे ढकलण्याची योग्य वेळ डाव्या पायाचं बोट सेक्टरच्या उजव्या रेषेच्या आसपास पोचल्यावर येते. घाई झाली आणि बोट अजून पूर्ण उजवीकडेच असताना ढकललं, तर शरीर समोर न जाता सर्कलच्या उजव्या अर्ध्यात जातं. उजवा पाय रेघेच्या उजवीकडे, डावा त्याहून उजवीकडे, आणि थाळी जाळीत. खडूचे डाग हे लगेच दाखवतात: दोन्ही पाय रेघेच्या उजव्या अंगाला.

घाई का होते? वजन डाव्या पायावर आलेलंच नसतं. सुरुवातीच्या झोक्यात थाळी मागे गेली की वजन उजवीकडे जातं. परत येताना ते डाव्या पायाच्या चवड्यावर, डावा गुडघा डाव्या बोटांवर येईल इतकं न्यावं लागतं. तसं न करता डोकं आणि डावा खांदा झटक्यानं वळवला की तोल आतल्या बाजूला पडतो. पडणारा माणूस स्वतःला सावरायला पाय टाकतो आणि त्या सावरण्यालाच आपण ‘ड्राइव्ह’ (पुढे ढकलणं) म्हणतो.

यावर उपाय थाळीशिवाय. सर्कलच्या मागच्या टोकाला उभं राहा. वजन डावीकडे न्या, डाव्या चवड्यावर फिरा आणि बोट उजव्या सेक्टर रेषेकडे आलं की तिथेच एका पायावर दोन सेकंद थांबा. उजवा पाय जमिनीपासून उचललेला, डावा हात समोर पसरलेला. थांबता येत नसेल तर तोल नव्हताच. दहा वेळा नीट जमलं की मग थांब काढून ढकला. त्यानंतर हातात हलका प्लास्टिकचा शंकू किंवा जुना टॉवेल घेऊन, आणि मग थाळी. थाळी हातात येताच घाई परत येते, ते गृहीत धरा. पहिल्या आठवड्यात वय आणि गटाप्रमाणे एक पायरी हलकी थाळी घ्या: १ किलोवाल्यांनी ७५० ग्रॅम, दीड किलोवाल्यांनी सव्वा किंवा १ किलो.

मोबाइल लावायचा असेल तर तो सर्कलच्या बरोबर मागे, जाळीबाहेर, कंबरेच्या उंचीवर तिपाईवर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये घ्या. बाजूनं काढलेला व्हिडिओ देखणा असतो पण दिशेबद्दल काही सांगत नाही. चारच ठिकाणी थांबवून बघा: डावा पाय मागून सुटतो तेव्हा बोट कुठे आहे, उजवा पाय मध्यावर कुठे टेकतो, डावा पुढे कुठे टेकतो, आणि त्या क्षणी थाळी कुठे आहे. डावा टेकताना थाळी अजून बरीच मागे हवी. ती खांद्याच्या ओळीत येऊन पोचली असेल तर हातानं शर्यत आधीच सुरू केली आहे.

तीन सत्रांचा आठवडा धरला तर एका सत्रात ३० फेकींच्या वर जाऊ नका: ८ स्टँडिंग, ८ साउथ आफ्रिकन, १० पूर्ण पण ऐंशी टक्क्यांवर, शेवटी ४ पूर्ण जोरात. एका वेळी एकच गोष्ट बदला. बूट, पकड आणि गिरकी एकाच दिवशी बदलून फेक सरळ गेली, तर कशामुळे गेली हे कळायला मार्ग नसतो.

वाऱ्याला दोष देण्याआधी

वारा थाळी सरकवतो, हे खरं. पण जाळी सात-आठ पावलांवर असते. तेवढ्यात वारा काही करत नाही. जाळीत गेलेली फेक ही कायम आपली. वाऱ्याचा प्रश्न आत पडणाऱ्या फेकींपुरता.

उजव्या हातानं सुटलेली थाळी वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते आणि वेग संपताना डावीकडे झुकते. समोरून, त्यातही उजव्या कोपऱ्यातून येणारा वारा तिला उचलून धरतो. पाठीमागचा वारा खाली पाडतो. हे पटत नसेल तर विक्रमांच्या जागा बघा. पूर्व जर्मनीच्या युर्गन शुल्टचा १९८६ चा ७४.०८ मीटरचा विश्वविक्रम लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नानं एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रामोना इथे ७४.३५ मीटर फेकून मोडला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तिथेच ७५.५६ मीटर फेकले. माळरानावरचा वाऱ्याचा मुलूख तो. आपल्या विकास गौडाची २०१२ ची ६६.२८ मीटरची फेकही ओक्लाहोमातल्याच नॉर्मनची.

समोरच्या वाऱ्यात मुलं थाळी उंच मारतात, तिची पुढची कड वर होते आणि ती जागच्या जागी तरंगून कोसळते. एरवी ३५ ते ४० अंशांत सोडत असाल तर समोरच्या वाऱ्यात आणखी खाली सोडा आणि थाळीची पुढची कड दाबून ठेवा. उजव्या कोपऱ्यातला वारा असेल तर नेम मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडे चालतो, पण दिशा हातात आलेली नसताना हा प्रयोग करू नका.

स्पर्धेच्या दिवशी

तालुका-जिल्हा स्पर्धा नेमक्या पावसाच्या दिवसांत येतात. पिशवीत तीन फडकी ठेवा, तिन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या थैलीत: एक थाळीला, एक हाताला, एक बुटाच्या तळाला. एकच टॉवेल असला की बुटाचा चिखल थाळीच्या कडेवर येतो. नाव पुकारल्यावर एका मिनिटात फेक सुरू करायची असते, तेव्हा सर्कलमध्ये शिरण्याआधीच तळ पुसून घ्या.

हाताला खडू चालतो. थाळीवरही चालतो, पण ओल्या फडक्यानं पुसला जाईल असाच. सर्कलमध्ये किंवा बुटाला काही फवारणं, लावणं, सर्कल खरवडणं चालत नाही. दोन बोटं एकत्र बांधणारी पट्टी चालत नाही. हातमोजे नाहीत. पहिल्या गिरकीत पाय मागे कडेला लागला म्हणून घाबरून फेक सोडू नका: सर्कलच्या दोन्ही बाजूंना मध्याच्या ओळीत आखलेल्या पांढऱ्या रेषेच्या पूर्ण मागे, जोर न घेता झालेला असा स्पर्श आता फाऊल धरत नाहीत. पुढच्या कडेच्या आतल्या बाजूला पाय टेकला तरी चालतं, वरच्या काठाला लागला की फाऊल. थाळी पडल्यावरच बाहेर पडा, आणि मागच्या अर्ध्यातून.

पहिली फेक उजवीकडे गेली तर दुसरीला हाताचा विचार करू नका. सुरुवातीचा झोका संथ करा आणि डाव्या पायावर वजन आल्याचं जाणवल्यावरच फिरा. ऐन स्पर्धेत दुरुस्त होण्यासारखी एवढीच एक गोष्ट असते.

सेक्टर स्वतः आखायची वेळ आली तर कोनमापक शोधत बसू नका. सर्कलच्या मध्यातून दोन्ही रेषा २० मीटर लांब न्या, त्यांच्या टोकांमधलं अंतर १२ मीटर भरलं की कोन बरोबर. पुष्कळ शाळांच्या मैदानांवर सेक्टर अंदाजानं आखलेला असतो आणि मधली रेघ सर्कलच्या मध्याशी जुळतच नाही. अशा मैदानावर महिनोन्‌महिने ‘उजवीकडे’ जाणारी थाळी खरं तर सरळ जात असते. वरची पंधरा फेकींची चाचणी करण्याआधी ही टेप एकदा लावून घ्या.

जाळीही बघा. थाळी लागली की ती फुगून बाहेर येते, म्हणून जाळीला टेकून कुणी उभं राहायचं नाही, तीन मीटर तरी मागे. फाटलेली घरं नायलॉनच्या दोरीनं गाठा, खालचा काठ वाळूच्या पोत्यांनी दाबा. खालून घसरत गेलेली थाळी घोट्यावर येते.

दुरुस्ती सुरू झाल्यावर आठ-दहा दिवस थाळी डावीकडे जायला लागली तर दचकू नका. उजवा पाय आता फिरतोय पण हाताची जुनी उशीर करण्याची सवय, ‘जरा धर’वाली, अजून आहे. पाय परत अडकवून ती सरळ करू नका. स्टँडिंग थ्रोची संख्या दुप्पट करा, खडूचा गोल डाग रोज बघा, आणि तर्जनीला गडगडत्या थाळीवर आणखी आठवडाभर राबवा.